आधी चार ओळी लिहा, मग अर्थ विचारा

स्वतःच्या कवितांवरचे परीक्षेतले प्रश्न आपल्याला स्वतःलाच सुटत नाहीत, असे सारा हॉलब्रुक या अमेरिकन कवयित्रीने २०१७ साली जाहीरपणे लिहिले. टेक्सास राज्याच्या शालेय परीक्षेत त्यांच्या दोन कविता आल्या होत्या. एक प्रश्न असा होता की कवयित्रीने कविता दोन कडव्यांत का विभागली? खाली पर्याय दिलेले. हॉलब्रुक कविता लोकांसमोर म्हणून दाखवतात. म्हणताना त्या ठिकाणी त्या थांबतात, म्हणून तिथे कडवे तोडले, एवढेच त्यांचे उत्तर. ते पर्यायांत नव्हते.

ही गोष्ट वाचून आपल्याकडे हसायचे कारण नाही. शालान्त परीक्षेच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतला रसग्रहणाचा प्रश्न आठवा. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण पाडलेले असतात आणि ओळी कोणत्याही असोत, तिन्ही खण भरायचे असतात. कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारणही विचारले जाते, आणि गाइडात तेही तयार मिळते. एखाद्या मुलाला कविता का आवडली हे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवावे आणि त्याने ते पाठ करून गुण मिळवावेत, यात कुणालाच काही वावगे वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. ‘कवीला येथे असे म्हणायचे आहे की’ या वाक्याने सुरू होणारी उत्तरे आपण सगळ्यांनी लिहिली आहेत. कवीला तसे म्हणायचे असते तर त्याने ते तसेच म्हटले नसते का, हा प्रश्न वर्गात विचारणारा एखादाच निघतो आणि तो आगाऊ ठरतो.

दोष शिक्षकांचा आहे, असे मला वाटत नाही. अभ्यासक्रम पुरा करायचा, पेपर तपासायचे, आणि तपासताना दोन परीक्षकांचे गुण जुळले पाहिजेत. मग खण पाडण्यावाचून दुसरी सोय नाही. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. कविता ही समजून घ्यायची वस्तू आहे आणि करण्याची नाही, असे आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून धरून चालतो. चित्रकलेच्या तासाला मुलाच्या हातात रंग देतात आणि काढ म्हणतात. पुढे तो चित्रकार होईल म्हणून नव्हे. काढून पाहिल्याशिवाय त्याला रेषेतले काही कळायचे नाही, हे सगळ्यांना मान्य असते. कवितेच्या तासाला मात्र दहा-बारा वर्षे दुसऱ्यांच्या कविता उलगडायला लावतात आणि एकदाही ‘आता तू चार ओळी कर’ म्हणत नाहीत. म्हटलेच तर ते हस्तलिखितासाठी किंवा एखाद्या दिनविशेषाला, आणि तेही वर्गातल्या दोन ‘कवी’ मुलांना. बाकीच्यांनी त्याच दिवशी ओळखलेले असते की हा आपला प्रांत नव्हे.

माझे म्हणणे साधे आहे. कविता शिकवायची तर ती आधी करून घ्यावी. सगळ्यांकडून, वर्गातल्या सर्वांत गप्प मुलाकडूनही. आणि शाळेबाहेर मोठ्यांनीही ती करावी, कवी म्हणवून घेण्याची हौस नसली तरी, किंबहुना नसली तर जास्तच.

मराठीपुरते बोलायचे तर यात नवे काही नाही. आपली निम्मी थोर कविता रोजचे काम करणाऱ्यांनी रचली आहे. नामदेवांच्या भोवती जमलेल्या मंडळींत माळी होता, कुंभार होता, सोनार होता, घरकाम करणारी दासी होती. त्यांच्या हातात काम होते आणि डोक्यात अभंगाचा साचा. तो साचा इतका हलका आहे की तो वाहून न्यायला कागद लागत नाही. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळले की झाले. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे बोटांवर मोजून पाहा. लघु-गुरूचा हिशेब नाही, गण पाडायला नकोत. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरे नेमक्या जागी बसवायला शाळा शिकलेला माणूस लागतो. अभंगाला कान पुरतो.

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर-माहेर आहे, लेक आहे, भाऊ आहे, देव आहे, आणि नवऱ्यावरचा, घरावरचा रागही आहे, जो इतर कुठे उच्चारायची सोय नव्हती. या बायकांना कुणी कवयित्री म्हटले नव्हते आणि त्यांनीही तसा दावा केला नव्हता. इथे हळवे व्हायचे कारण नाही. पहाटे उठून दळणे हा काही काव्यानंद नव्हता. जाते गेले ते बरेच झाले. पण जात्याबरोबर बाईच्या तोंडची ओळ गेली आणि तिच्या जागी दुसरी कुठली आली नाही, हे नुकसान आपण नीटसे मोजलेलेच नाही.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकातूनच सगळ्यांना माहीत आहे, आणि नेमके म्हणूनच त्यातली मोलाची गोष्ट निसटते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या म्हणत गेल्या, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि घरचे एक आप्त यांनी ते टिपून ठेवले. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुस्तक १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह आले. टिपून घेणारे घरात नसते तर मराठीला हे नाव कळलेही नसते. आपण त्या प्रतिभेचे कौतुक करून थांबतो. घरातले कुणी काही म्हणत असेल तर हातातले काम ठेवून ते लिहून घ्यावे, हे शिकवत नाही. अशा किती जणींना टिपून घेणारे मिळाले नसतील, हा विचार मला त्या कवितांइतकाच अस्वस्थ करतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते जरा जवळून पाहू. समजा, एखाद्याला आपल्या गेलेल्या वडिलांबद्दल काही लिहायचे आहे. कुठलाच नियम दिला नाही तर तो बहुधा असे लिहील: ‘बाबा, तुमचा चष्मा पाहून आजही खूप वाईट वाटते.’ भावना खरी आहे, पण वाक्य हजारदा वापरलेले. आता त्याला अभंगाचा साचा द्या. ‘खूप वाईट वाटते’ ही आठ अक्षरे सहाच्या चरणात मावत नाहीत, म्हणजे ती गेली. उरला चष्मा. ‘बाबांचा तो चष्मा’ ही सहा अक्षरे झाली. चष्मा कुठे आहे? ‘खिडकीत आहे’, ही पुन्हा सहा. आता ‘आहे’शी यमक हवे. राहे, साहे, वाहे, पाहे. यातला ‘पाहे’ उचलला की तिसरा चरण होतो ‘अजून तो पाहे’, आणि लिहिणारा दचकतो, कारण चष्मा पाहतो असे काही म्हणायचे त्याच्या मनात मुळीच नव्हते. चौथ्या चरणाला चार अक्षरे राहिली: ‘रस्त्याकडे’.

बाबांचा तो चष्मा
खिडकीत आहे
अजून तो पाहे
रस्त्याकडे

ही काही थोर कविता नव्हे. दोनदा आलेल्या ‘तो’पैकी पहिला उघडच भरतीचा आहे, आणि ‘पाहे’ हे रूप आज बोलताना कुणी वापरत नाही. वर्गात हे दोन्ही आक्षेप मुलांनीच घ्यावेत, आणि दुरुस्त करू पाहावे. पुढचा अर्धा तास त्यातच जाईल आणि तो सत्कारणी लागेल. पण जी गोष्ट व्हायची ती झाली आहे. ‘वाईट वाटते’ हे शब्द गेले आणि वाईट वाटणे ओळीत आले. यमकाने लिहिणाऱ्याला अशा ठिकाणी नेले जिथे तो आपणहून गेला नसता. हा अनुभव एकदा घेतलेल्या मुलाला तुकाराम वाचताना ‘या चरणात हाच शब्द का?’ असा प्रश्न आपोआप पडतो. रसग्रहण तिथे सुरू होते. त्यासाठी खण पाडावे लागत नाहीत.

नियमांनी कविता मरते, असे म्हणणारा एक मोठा वर्ग आहे. मुक्तछंदाने मराठी कवितेला जे दिले ते मी नाकारत नाही. नारायण सुर्वे यांनी गिरणी, फलाट आणि युनियन कवितेत आणली ती त्याच मोकळ्या घाटात. पण ज्यांनी मुक्तछंद समर्थपणे हाताळला त्यांच्या कानात छंद मुरलेला होता. नवशिक्याला ‘मनात येईल ते लिही, काही बंधन नाही’ असे सांगणे ही मोकळीक वाटते खरी, पण त्याची अवस्था कोऱ्या कागदापुढे अडकलेल्या माणसाची होते, आणि अडकलेला माणूस हाताशी येईल ते सर्वांत जुने वाक्य उचलतो. म्हणून मुक्त म्हणून लिहिलेल्या बहुतेक कवितांत एकच आभाळ, एकच पाऊस आणि एकच ‘तू’ भेटते.

तंत्र शिकवल्याने काय होते हे पाहायला लांब जायला नको. सुरेश भट यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, कसा असतो, काफिया, म्हणजे यमक, कसा चालतो, त्यामागून परत परत येणारा रदीफ कुठे येतो, दोन ओळींचा एक शेर स्वतंत्र कविता म्हणून उभा का राहिला पाहिजे, हे सगळे त्यांनी कुणालाही कळेल अशा मराठीत मांडले आणि नव्या लिहिणाऱ्यांच्या हाती दिले. ‘प्रतिभा शिकवता येत नाही’ असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यातून मराठी गझल लिहिणारी पिढीच्या पिढी उभी राहिली. त्यांतल्या पुष्कळांच्या गझला तंत्रशुद्ध आणि निर्जीव आहेत, हेही खरे. पण त्या निर्जीव आहेत हे ओळखू शकणारे वाचकही त्याच बाराखडीने तयार केले, आणि माझ्या लेखी त्यांचे मोल अधिक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आधीच कविता फार झाल्या आहेत. फोन उघडला की कविता, संमेलनात मांडवाबाहेर रांग लावून थांबलेले कवी, स्वखर्चाने छापलेले आणि न वाचलेले संग्रह. यात आणखी भर कशाला? हा वैताग मला पूर्ण समजतो. मात्र हा पसारा लिहिण्याच्या सवयीतून आलेला नाही. तो आला आहे न वाचता लिहिण्यातून आणि ऐकून न घेता ऐकवण्यातून. आपल्या कविसंमेलनात स्वतःची कविता होईपर्यंत थांबणारे आणि झाली की उठणारे किती असतात, हे आयोजकांना विचारा. समोरून येते ती ‘वा’ किंवा टाळी. अमुक ओळ जमली, तमुक नाही, असे कुणी सांगत नाही. सांगितले तर मैत्री तुटते.

याला जपानी लोकांनी फार पूर्वी एक तोडगा काढला. हायकू लिहिणारे ठरावीक दिवशी जमतात, त्याला ते कुकाई म्हणतात. प्रत्येक जण आपल्या हायकू वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहितो, नाव घालत नाही. चिठ्ठ्या एकत्र करून पिसतात आणि वाटतात. मग ज्याच्या वाट्याला जी चिठ्ठी आली ती तो आपल्या अक्षरात उतरवून काढतो, म्हणजे हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखू येत नाही. ते कागद सगळ्यांपुढून फिरतात. प्रत्येक जण आपल्याला आवडलेल्या मोजक्या रचना निवडतो, त्या मोठ्याने वाचल्या जातात, का निवडल्या ते बोलले जाते, आणि त्यानंतर कर्ता आपले नाव सांगतो. या पद्धतीत डॉक्टर, शिपाई, गुरू आणि कालच आलेला नवखा एका पातळीवर येतात. गुरूची ओळ कुणीच निवडली नाही, असेही होते. मुख्य म्हणजे संध्याकाळचा बराच वेळ प्रत्येक जण दुसऱ्याच्या ओळी वाचण्यात घालवतो. लिहिणे हे इथे वाचण्याचे निमित्त आहे. असे पंधरा-वीस जणांचे गट आपल्याकडे वाचनालयांत सहज चालू शकतात. खर्च चिठ्ठ्यांचा. हार-तुरे, अध्यक्ष आणि प्रमाणपत्र यांना मात्र बंदी हवी, नाहीतर दोन महिन्यांत त्याचे कविसंमेलन होईल.

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांत तर रचना करणे हा भर सभेतला खेळ आहे. सूत्रसंचालक ऐन वेळी विषय किंवा प्रसंग देतो, आणि बेर्त्सोलारी, म्हणजे तिथला शीघ्रकवी, काही क्षणांत ठरलेल्या चालीवर यमकबद्ध कडवे गाऊन दाखवतो. ते कसे जमते? तो शेवटची ओळ आधी ठरवतो आणि मग तिथपर्यंतचा रस्ता बांधत येतो. हे तंत्र तिथे पोरासोरांना शिकवले जाते. त्याच्या शाळा आहेत, आणि नेहमीच्या शाळांतूनही त्याचे तास होतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीला दहा हजारांहून अधिक माणसे तिकीट काढून बसतात. त्यांतल्या कित्येकांनी लहानपणी कधी ना कधी स्वतः कडवे जुळवून पाहिलेले असते. म्हणून पाचव्या ओळीला कोण अडखळणार, हे त्यांना आधी कळते. असा श्रोता नुसते रसग्रहण शिकवून मिळत नाही. आपल्या शाहिरीतले कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब याच जातीचे होते. ते जपण्याच्या गोष्टी आपण करतो, शाळेत शिकवण्याच्या करत नाही.

केनेथ कॉक या अमेरिकन कवीने १९६८च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहून घ्यायला सुरुवात केली. पहिली युक्ती अगदी सोपी होती: प्रत्येक ओळ ‘मला असे हवे’ अशा इच्छेने सुरू करायची. यमकाची सक्ती त्याने मुद्दाम काढून टाकली, कारण इंग्रजीत यमकाच्या मागे लागून मुले भलतेच लिहीत. मराठीत शब्दांच्या शेवटचे प्रत्यय इतके सारखे असतात की यमक आपल्या मुलांना तसे छळत नाही, त्यामुळे त्याची ही सूचना जशीच्या तशी उचलायचे कारण नाही. पण तत्त्व तेच: एक छोटा, स्पष्ट नियम द्या आणि मग बाजूला व्हा. याच कॉकने पुढे वृद्धाश्रमात हाच प्रयोग केला. तिथल्या अनेकांना लेखणी धरवत नव्हती, म्हणून ते सांगत आणि दुसरे लिहून घेत. १९७७ साली त्यावर पुस्तक निघाले. सोपानदेव घरी जे करत होते, ते तिथे ठरवून केले गेले, एवढाच फरक.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळतो आहे: कविता लिहिल्याने ताण जातो, व्यक्तिमत्त्व फुलते, बुद्ध्यांक वाढतो वगैरे. असेलही. पण या कारणांसाठी कविता वर्गात आणली की तीही योगासनांच्या रांगेत जाऊन बसेल, आणि तिचेही फायदे पाच गुणांसाठी लिहावे लागतील.

पाठांतराबद्दल मात्र बोलले पाहिजे. घोकंपट्टीला नावे ठेवण्याच्या भरात आपण कविता पाठ करणेही मोडीत काढले. अर्थ न कळता पाढे म्हणणे वेगळे आणि कविता तोंडात असणे वेगळे. ज्याच्या कानात पन्नास कविता नाहीत त्याला सहा अक्षरे बोटांवर मोजावी लागतात; ज्याच्या आहेत त्याला ती ऐकू येतात. तेव्हा लिहून घेण्याच्या माझ्या आग्रहाबरोबर पाठ म्हणण्याचा आग्रह येतोच. भावार्थ मात्र खुशाल वगळा.

राहिला गुणांचा प्रश्न, आणि सगळे अडते ते इथेच. मुलाने लिहिलेल्या ओळींना गुण देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गुण आले की तयार ओळी बाजारात येतील. निबंधाचे काय झाले ते आपण पाहिले आहे. महिन्यातून एक तास, नियम फळ्यावर, लिहायला वीस मिनिटे, मग नाव न सांगता वाचन आणि बोलणे, आणि तास संपला की कागद ज्याचा त्याला परत. तपासणी नाही, स्पर्धा नाही, फलकावर निवडक कविता लावणे नाही. अभ्यासक्रमाला धक्का न लावता एखादी शाळा उद्यापासून हे करू शकते.

एक अट आहे. त्या वीस मिनिटांत शिक्षकानेही लिहायचे, आणि त्याची चिठ्ठी बाकीच्या चिठ्ठ्यांत मिसळायची. बहुतेक शिक्षकांना हे अवघड जाईल, कारण अध्यापक विद्यालयात त्यांना कवितेच्या पाठाचे टाचण काढायला शिकवले, कविता करायला कुणी सांगितले नाही. त्यांची पहिली ओळ वर्गातल्या सातवीच्या मुलीपेक्षा कच्ची निघण्याची शक्यता बरीच आहे, आणि वर्गाने ती ओळ निवडली नाही तर काय करायचे याचे प्रशिक्षण कुठल्याही पदविकेत मिळत नाही. सुरुवात त्यामुळे तिथून करावी लागेल: शिक्षक प्रशिक्षणाच्या वर्गात, मुलांच्या वर्गात जायच्या आधी.